जिथे राहतो तिथले मत

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील वस्त्यांना शहराच्या मुख्य भागाशी जोडणारा ऑलिंपिक बुलेव्हार्डवरचा पूल एरवी मालमोटारींच्या वर्दळीचा. परंतु १९८६ च्या उन्हाळ्यात दर सोमवारी त्या पुलावरून बायकांचा मोर्चा निघत असे. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या या बायका बहुतेक मेक्सिकन वंशाच्या होत्या, काही त्याच शहरात जन्मलेल्या तर काही सीमेपलीकडून आलेल्या, आणि त्यांच्या मागून त्यांचे नवरे आणि मुलेही चालत असत. रुमालाची खूण अर्जेंटिनातल्या त्या मातांची होती, ज्या आपल्या बेपत्ता मुलांचा जाब विचारत ब्वेनोस आइरेसच्या प्लाझा दे मायो चौकात फेऱ्या घालीत. लॉस एंजेलिसच्या या वस्त्यांतल्या रिझरेक्शन चर्चचे फादर जॉन मोरेटा यांनी त्याच मातांच्या आठवणीने या गटाला 'मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस' हे नाव सुचवले. मागणी एकच होती : कॅलिफोर्निया सरकारने आमच्या वस्तीला लागून नवा तुरुंग बांधू नये.

या मोर्चाची सुरुवात एका घराच्या दिवाणखान्यात झाली. ते घर हुआना गुतिएरेस यांचे. मेक्सिकोत जन्मलेल्या, नऊ मुलांची आई असलेल्या हुआनाबाई बॉइल हाइट्स या वस्तीत शेजारपाजारच्यांची पहारा समिती चालवीत. गल्लीतली मुले टोळ्यांच्या नादी लागू नयेत, कुणाच्या घरी चोरी झाली तर चार जणांनी धावून जावे, एवढाच त्या समितीचा व्याप होता. तुरुंगाचा बेत शिजतो आहे हे वस्तीत कुणाच्या गावीही नव्हते. त्या भागाच्या विधानसभा सदस्य ग्लोरिया मोलिना यांनी फोन करून सांगितले तेव्हा ते हुआनाबाईंना कळले, आणि त्यांनी समितीची बैठक स्वतःच्या घरी बोलावली. पन्नास माणसे जमली. पुढे चर्चमधून फादर मोरेटांनी लोकांना सांगायला सुरुवात केली आणि पुलावर दर खेपेला दोनशे-तीनशे माणसे येऊ लागली. तुरुंगाचा प्रस्ताव सरकारने शेवटी सोडून दिला तो १९९२ साली, म्हणजे या बायकांनी एका गोष्टीचा पिच्छा सहा-सात वर्षे पुरवला.

जागा म्हणून हीच वस्ती का निवडली गेली, हा प्रश्न मला तुरुंगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पन्नास-साठच्या दशकांत या भागाच्या छातीवरून एकामागून एक महामार्ग नेण्यात आले आणि त्यांच्या प्रचंड गुंत्याखाली घरे, दुकाने, गल्ल्या गेल्या. प्रतिकार होईल असे तेव्हाही कुणाला वाटले नव्हते. १९८४ साली सेरेल असोसिएट्स या सल्लागार संस्थेने कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळासाठी एक अहवाल लिहिला. कचरा जाळून वीज करणारे प्रकल्प कुठे उभारल्यास विरोध कमी होईल याचा हिशेब त्यात मांडला होता, आणि उत्तर असे होते की कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या, वयस्क आणि कॅथलिक लोकांच्या वस्तीत. मध्यम आणि वरच्या थरातल्या वस्त्या प्रकल्पापासून दूर ठेवाव्यात. एवढ्या उघडपणे ही गोष्ट सरकारी कामकाजाच्या कागदावर क्वचितच उतरते. जे बोलणार नाहीत त्यांच्या दारात टाका, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि 'बोलणार नाहीत' हा अंदाज बांधताना अशा वस्तीत मतदार किती, हा विचार मनात नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

तुरुंगाशी झुंज चालू असतानाच आणखी दोन संकटे आली. शेजारच्या व्हर्नन या कारखान्यांच्या गावात घातक रासायनिक कचरा जाळण्याची भट्टी होणार होती. तो बेत १९९१ मध्ये गुंडाळला गेला. दुसरी होती तेलाची वाहिनी. तिच्या सुनावणीचा एक प्रसंग नोंदला गेला आहे, तो इथे सांगायलाच हवा. तेल कंपन्यांचे प्रतिनिधी नकाशा घेऊन आले होते आणि वाहिनी किती सुरक्षित आहे हे समजावून सांगत होते. नकाशात ती किनाऱ्याने सरळ न जाता आत वळून या वस्तीखालून जात होती. एका बाईने विचारले, की ती किनाऱ्याकिनाऱ्यानेच का नेत नाही? प्रतिनिधी उत्तरला, की छे, ती फुटली तर समुद्री जीवांना धोका होईल. त्यावर त्या बाईने विचारले, की तुम्हाला माणसांपेक्षा समुद्री जीवांची किंमत जास्त वाटते काय? प्रतिनिधीचा चेहरा लाल झाला आणि सभेत घोषणा सुरू झाल्या. अभियंत्यांच्या नकाशात काय गृहीत धरले आहे, हे शोधून काढायला त्या बाईला एका वाक्यापेक्षा जास्त लागले नाही. 'ज्याचे जळते त्याला कळते' ही म्हण आपण फार सहज वापरतो. स्थानिक लोकशाहीचा सगळा आधार मला त्या म्हणीत दिसतो, कारण ज्याच्या घराखालून वाहिनी जाणार आहे त्याला विचारल्याशिवाय घेतलेला निर्णय केवळ अन्यायाचा ठरतो असे नव्हे, तो अज्ञानातून घेतलेलाही ठरतो.

पुढे हुआनाबाईंच्या गटाने 'सांता इसाबेल' या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, नावाने स्वतंत्र काम उभे केले. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट शौचालयांची आहे. पाणीटंचाईच्या काळात जुनी, भडाभडा पाणी ओतणारी भांडी काढून कमी पाण्याची भांडी घरोघर फुकट बसवण्याची योजना या बायकांनी आपल्या हाती घेतली, त्यात वस्तीतल्याच मुलांना रोजगार दिला, आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून शिष्यवृत्त्या दिल्या. कुणाच्या मोरीत काय आहे हे ठाऊक असणारी, दार वाजवल्यावर जिला आत घेतले जाते अशी बाईच हे काम करू शकते. मुलांना लसी टोचून घेणे, घराच्या जुन्या रंगातल्या शिशापासून लेकरांना जपणे, हेही त्यांनी पाहिले. याला नेतृत्व म्हणायला आपल्याकडेही बरेच लोक कचरतात, कारण यात भाषण नाही आणि पद नाही. माझ्या मते सार्वजनिक जीवनाचा पाया नेमका इथे असतो.

आता मुद्द्याकडे येते. अमेरिकेतल्या अशा वस्त्यांमध्ये वीस-वीस, तीस-तीस वर्षे राहणारी, कर भरणारी, मुलांना तिथल्याच शाळेत घालणारी लक्षावधी माणसे नागरिक नाहीत, म्हणून त्यांना गावच्या निवडणुकीतही मत नाही. माझे म्हणणे असे आहे, की कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या अशा रहिवाशांना, आणि शाळेपुरते पाहायचे तर तिथे मुले असलेल्या प्रत्येक पालकाला, स्थानिक निवडणुकीत मत मिळाले पाहिजे. देशाची संसद, राष्ट्राध्यक्ष, परराष्ट्र धोरण हे नागरिकांचेच राहो. तिथे माझा वाद नाही. पण तुरुंग कुठे बांधायचा, शाळेत इंग्रजीबरोबर स्पॅनिश शिकवायची की नाही, बसचा थांबा कुठे, कचऱ्याची भट्टी कुठे, या प्रश्नांना पासपोर्टाचा रंग कळत नाही.

आश्चर्य याचे वाटते, की अमेरिकेच्या कायद्याने हे निम्मे आधीच मान्य केलेले आहे. चौदाव्या घटनादुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण दिले ते नागरिकाला नाही, 'व्यक्ती'ला. त्याच आधारावर १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही. कॅलिफोर्नियाचा १९५३ चा ब्राउन कायदा सांगतो, की नगर परिषदेच्या किंवा शाळा मंडळाच्या उघड्या बैठकीत कुणीही उभे राहून बोलू शकतो. नागरिकत्व सोडाच, नाव सांगण्याची सक्तीदेखील त्यावर करता येत नाही. जनगणनेत प्रत्येक रहिवासी मोजला जातो आणि त्या मोजणीवर प्रतिनिधींच्या जागा ठरतात. २०१६ साली टेक्सासमधून आलेल्या खटल्यात मतदारसंघ आखताना केवळ मतदार न मोजता सगळी लोकसंख्या मोजणे घटनेला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले, आणि मत नसलेल्यांचेही अनेक धोरणांत हित गुंतलेले असते, हे न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी निकालात स्पष्ट लिहिले. म्हणजे मोजताना माणूस आहे, कर घेताना आहे, बोलायला उभा राहिला तरी आहे. हात वर करायची वेळ आली की मात्र तो परका.

मताविना केलेले सार्वजनिक काम किती ठिसूळ पायावर उभे असते, याचे उदाहरण लुइसा मोरेनो यांच्या आयुष्याइतके लख्ख दुसरे मला माहीत नाही. १९०७ साली ग्वाटेमालातल्या एका श्रीमंत घरात जन्मलेली ही मुलगी. घरचे नाव ब्लांका रोसा, म्हणजे पांढरा गुलाब. तरुणपणी तिने बायकांना विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून चळवळ केली, मग मेक्सिकोत जाऊन कविता लिहिल्या, आणि १९२८ मध्ये ती नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला आली. तिथे तान्ह्या मुलीला वाढवत स्पॅनिश हार्लेममधल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईयंत्रावर बसल्यावर तिने सोबतच्या शिवणकामगार बायकांची संघटना बांधली. १९३५ मध्ये फ्लोरिडात सिगार वळणाऱ्या कामगारांची संघटना बांधायला गेली तेव्हा तिने नाव बदलले. 'मोरेनो'चा अर्थ सावळा. गोऱ्या वर्णाच्या, सुखवस्तू घरच्या बाईने जाणूनबुजून घेतलेले हे नाव आहे. १९३८ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ इथल्या पिकान या कठीण कवचाच्या सुक्या मेव्याची फळे फोडणाऱ्या कामगारांच्या संपात ती होती, १९३९ मध्ये लॉस एंजेलिस इथे स्पॅनिशभाषक लोकांची पहिली राष्ट्रीय परिषद भरवण्यात तिचा मोठा वाटा होता, आणि पुढे डबाबंद अन्नाच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेची ती उपाध्यक्ष झाली. १९४० च्या एका भाषणात तिने स्थलांतरित शेतमजुरांविषयी म्हटले, की ही माणसे परकी नाहीत. त्यांनी आपली सहनशक्ती, आपला त्याग, आपले तारुण्य आणि आपले श्रम या नैर्ऋत्य प्रदेशाला दिले आहेत.

एवढे सगळे करून ती नागरिक मात्र नव्हती, आणि साम्यवादविरोधी लाटेत तेवढे एक कारण पुरले. गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस यांच्याविरुद्ध साक्ष दिलीस तर नागरिकत्व मिळेल, असे तिच्यापुढे ठेवण्यात आले. गहाण टाकलेल्या आत्म्याची स्वतंत्र स्त्री मला व्हायचे नाही, असे सांगून तिने नकार दिला, आणि १९५० साली हद्दपारीच्या आदेशाखाली देश सोडला. ज्या कारखान्यांत तिने बायकांना मजुरीचा करार मिळवून दिला, त्या गावांच्या कारभारात तिला कधी मत देता आले नाही. १९९२ साली ग्वाटेमालात तिचे निधन झाले. त्याच वर्षी बॉइल हाइट्सचा तुरुंग रद्द झाला.

मोरेनोंच्या कहाणीतून नागरिकत्व आणि सहभाग यांचा क्रम स्पष्ट दिसतो. कायदा म्हणतो, आधी नागरिक व्हा, मग कारभारात या. प्रत्यक्षात माणूस आधी कामाला लागतो, शेजाऱ्याच्या हाकेला धावतो, शाळेच्या सभेला जातो, आणि या सवयीतून त्याच्यात नागरिक घडतो. कागद फार मागून येतो, कधी येतच नाही. शिकागोने १९८८ मध्ये हे ओळखले. तिथे प्रत्येक शाळेसाठी स्थानिक परिषद निवडली जाते आणि पालकांना नागरिकत्व न विचारता त्यात मत देता येते. त्याच शहरातल्या लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीतल्या आयांनी २००१ साली कबूल केलेली माध्यमिक शाळा मिळावी म्हणून १९ दिवस उपोषण केले, आणि ती शाळा २००५ मध्ये सुरू झाली. पालक म्हणून हक्काने बोलण्याची सवय ज्या शहराने लावली, त्याच शहरात हे उपोषण झाले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. मत हे नागरिकत्वाचे सार आहे, ते असे वाटून टाकले तर नागरिकत्वाची किंमत उरणार नाही, हा त्यातला सर्वांत मोठा. वर्षानुवर्षे थांबून, परीक्षा देऊन, शपथ घेऊन ज्यांनी नागरिकत्व मिळवले, त्यांतलेच काही जण हे बोलतात, आणि त्यांच्या कष्टांचा मला आदर आहे. तरीही अनुभव काय सांगतो ते पाहावे. स्वीडनमध्ये १९७६ पासून परदेशी रहिवासी स्थानिक निवडणुकीत मत देत आले आहेत, न्यूझीलंडमध्ये १९७५ पासून कायमच्या रहिवाशांना राष्ट्रीय निवडणुकीतही मत आहे, आणि या दोन्ही देशांच्या नागरिकत्वाला आजही तितकीच मागणी आहे. खुद्द अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या १८४८ च्या राज्यघटनेने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी पुरुषांना मत दिले होते आणि पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांनी तोच कित्ता गिरवला. ही पद्धत शेवटच्या राज्यातून, आर्कान्सामधून, १९२६ साली गेली. तेव्हाचे स्थलांतरित बहुतेक युरोपातले होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की ज्याला मत हवे त्याने नागरिक व्हावे, अडवले कुणी? इथे मराठी वाचकाने जरा थांबावे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला, आणि आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. याच लॉस एंजेलिस शहरात वकिली करणाऱ्या पंडितांवरही तोच खटला आला. त्यांनी तो स्वतः लढवला आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. बाकी भारतीयांना नागरिकत्वाचे दार उघडले ते १९४६ च्या कायद्याने. त्या तेवीस वर्षांत 'नागरिक व्हा आणि मत मागा' या वाक्याला आपल्या माणसांपुरता काहीही अर्थ नव्हता. आजची अडवणूक वेगळ्या जातीची आहे : नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, असा नियम असल्याने दहा-बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या भारतीयांचा नंबर आता कुठे लागतो आहे, आणि त्यानंतरही नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षे थांबावे लागते. तेवढ्या काळात पाळण्यातले मूल महाविद्यालयात पोचते.

मी त्याच रांगेत आहे. चौदा वर्षे कॅलिफोर्नियात एका गावात राहते आहे, आणि घराच्या कराच्या पावतीत शाळांसाठीचा जादा कर दरवर्षी वेगळ्या ओळीत छापून येतो. तो बसवायचा की नाही हे गावकऱ्यांच्या मतदानाने, दोन-तृतीयांश बहुमताने ठरले. त्या मतदानात मी नव्हते. कर मला जड नाही, मी होकारच दिला असता. मागच्या वर्षी शाळा मंडळाच्या बैठकीत एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता. सकाळच्या बसचा एक फेरा बंद झाल्याने त्यांच्या मुलीला अंधारात मोठा रस्ता ओलांडावा लागतो, एवढेच त्या स्पॅनिशमध्ये सांगत होत्या आणि दुभाष्या तरुण एकेक वाक्य इंग्रजीत मांडत होता. दोन मिनिटांचे घड्याळ समोर लाल झाले तेव्हा दुभाष्याची वाक्ये अजून मागे होती. अध्यक्षांनी सौजन्याने आभार मानले. पुढच्या ओळीत बसून मी पाहत होते, की त्या बाईंनी तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि बाहेर पडताना दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईला हळूच विचारले, पुढची सभा कधी असते. या दोघींना, आणि मला, त्या मंडळातल्या कुणाच्याही निवडणुकीत काही करता येत नाही, हे मंडळावर बसलेल्या प्रत्येकाला पक्के ठाऊक असते. त्यांच्या सद्भावनेवर मला संशय घ्यायचा नाही. पण सद्भावनेवर विसंबणे आणि हक्काने विचारणे यांत जे अंतर आहे, ते त्या सभागृहात मला पायाखाली जाणवले.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेते. १९९६ च्या कायद्याने केंद्रीय निवडणुकीत बिगरनागरिकाने मत देणे गुन्हा ठरवले आहे. चुकून जरी तसे झाले तरी माणसाचे ग्रीन कार्ड जाऊ शकते, घर मोडू शकते. म्हणून याद्या वेगळ्या, मतपत्रिका वेगळ्या, याला पर्याय नाही. मेरीलँडमधले टाकोमा पार्क हे छोटे गाव १९९० च्या दशकापासून नगरपालिकेच्या निवडणुकीत हे करत आले आहे. न्यूयॉर्क शहराने २०२१ च्या अखेरीस मोठी उडी घेऊन कायदेशीर रहिवाशांना नगर निवडणुकीत मत दिले; राज्याच्या घटनेत ते बसत नाही, असे सांगून तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये तो कायदा रद्द केला. याच शहरात १९६९ पासून २००२ पर्यंत पालकांनी, नागरिक असोत वा नसोत, शाळा मंडळांच्या निवडणुकीत मते दिली होती, याची आठवण त्या वादात फार कमी निघाली.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये शाळा मंडळापुरते मत सर्व पालकांना दिले. न्यायालयात ते एकदा पडले आणि २०२३ मध्ये अपिलात पुन्हा उभे राहिले. तिथे पालक नोंदणी करायला जातात तेव्हा एक सूचना दिली जाते, की तुम्ही दिलेली माहिती केंद्र सरकारच्या स्थलांतर खात्याला मिळू शकते. ही सूचना देणे प्रामाणिकपणाचे आहे, आणि ती वाचून हात थबकणेही साहजिक आहे; २०१८ च्या पहिल्या निवडणुकीत नोंदणी शंभराच्या आत राहिली. लोकांना मत नकोच होते, असा याचा अर्थ काढणाऱ्यांनी त्या सूचनेचा कागद एकदा हातात घेऊन वाचावा. ज्या घरात कुणा एकाचे कागद अपुरे आहेत, त्या घरातली आई शाळेच्या मतासाठी नवऱ्याला धोक्यात घालणार नाही. या माहितीला न्यायालयाच्या आदेशाशिवाय हात लावता येणार नाही, अशी हमी देणारा कायदा आधी लागेल, आणि त्याच्या जोडीला ओळखीच्या माणसाने दार वाजवून शेजाऱ्याला समजावून सांगणे लागेल, की फॉर्ममध्ये काय भरायचे, काय भरायचे नाही, आणि कुणी भरूच नये. सरकारी पत्रकाने हे काम होत नाही. ते १९८५ साली बॉइल हाइट्समध्ये ज्या प्रकारच्या दिवाणखान्यात झाले, तिथेच होते : फोन येतो, खुर्च्या मांडल्या जातात, पन्नास शेजारी येतात, आणि घरची बाई बोलायला सुरुवात करते.